चौदा नंबरला दहापैकी नऊ

...अन् हे एवढं सगळं झाल्यावर तो साहेब मले म्हणते, "बरं, लावा ते गाणं!" आता तुमाले सांगतो, ते गाणं असं लावाचं नसते हो! त्याले अगोदर माणसाची तयारी लागते, कान लागते, काळीज लागते, अन् इथं काय? टेबलावर समोशाच्या चटणीचे डाग, वर पंखा खटखट करून राह्यला, बाजूले टाइप करणारी बाई नखं कुरतडून राह्यली, अन् साहेब घड्याळ पाहून म्हणते, "किती वेळाचं आहे?" मी म्हटलं, "साहेब, एक्केचाळीस." "मिनिटं?" "सेकंद." तो चष्मा काढून पाहे माह्याकडं. "एक्केचाळीस सेकंदांत मुखडा कुठला अन् अंतरा कुठला हो?" आता याले कसं समजावून सांगू? मी वकील नाही, मी गाणारा नाही, मी कोण्या युनियनचा पुढारी नाही. आपण काय, आपण फक्त ऐकणारा माणूस!

थांबा, मी उलटं सांगून राह्यलो. मधातूनच सुरू झालो. डोकं जाग्यावर नाही अन् घसा तर मुळीच नाही, ऐकून राह्यले ना कसा बसला हाय?

मी इंद्रजीत. राजूरच्या पल्याड कोळशाची खाण हाय... नाव कायले पाहिजे तुमाले, नाव घेतलं का अजून एक नोटीस येईन. तिथं वजनकाट्यावर मी बसतो. ट्रक येते, काट्यावर चढते, मी बटन दाबतो, पावती फाडतो, ट्रक जाते. बारा वर्ष झाले. दिवसभर घरघर, खडखड, हॉर्न, अन् दुपारी अडीच वाजता ब्लास्टिंग... असा दणका बसते का राजुरातल्या भिंतीवरच्या घड्याळी तिरप्या होते. अन् ड्यूटी सुटल्यावर हा माणूस कानात तारा घालून काय ऐकते? ग्राइंडकोर! आमची प्रेरणा, म्हणजे बायको, म्हणते, "दिवसभर तेच ऐकता, घरी येऊन पुन्हा तेच? क्रशरचा आवाज भरून आणला का मोबाइलमधी?"

तिची चूक नाही. ग्राइंडकोर म्हणजे कसं... गिटार अशी ओरबाडाची का तारेनं माफी मांगली पाहिजे, ढोल असा बदडाचा का दोन हात कमी पडले पाहिजे, अन् गाणारा गातच नाही, तो पोटातून बोंबलते. शब्द समजतच नाही. गाणं अर्ध्या मिनिटाचं, पाऊण मिनिटाचं, लय झालं तर एका मिनिटाचं, खल्लास! तुमी म्हणसान, हे कोण ऐकते बाप्पा? आहे ना! पोलंडात आहे, जपानात आहे, अन् आपल्या यवतमाळ जिल्ह्यात एक आहे. तो तुमच्यापुढं उभा आहे.

अन् बँडबी काही परदेशातला नाही बरं! आपल्या राजूरचाच. नाव 'अडीच'. ब्लास्टिंगचा टाइम ना, त्याच्यावरून. तीन पोट्टे. गिटारीवर फुलसिंग, तांड्यावरचा, खाणीत बिजलीचं काम करे. ढोलावर बंटी, तो पांढरकवड्याच्या लग्नाच्या बँडातला, नवरदेवापुढं बडवून बडवून हात असा तयार झाला होता का काय सांगू. अन् बोंबलाले आमचा राजदीप. खाणीत डंपर चालवे. दिसाले एवढासा, बोलाले एकदम गरीब, हॉटेलात चहाबी मांगे तर पोट्ट्याले तीनदा सांगा लागे, इतका हळू बोले. अन् माइकपुढं उभा राह्यला का, अरे बापरे! तुमाले सांगतो, कुत्रे गल्ली सोडून पळत!

तीन अल्बम काढले त्यायनं. तीनच. अन् तिन्ही मिळून चौतीस मिनिटं! पण काय चौतीस मिनिटं!

पयला 'पहिली पाळी'. सतरा गाणे, अकरा मिनिटं. अन् हा निघाला कॅसेटवर, कारण का या गाण्याच्या शौकिनाइले कॅसेटच लागते, त्याले ते इज्जत समजते. आता कोऱ्या कॅसेटी आणाच्या कुठून? तर वणीत एक दुकान बंद होऊन राह्यलं होतं, तिथून फुलसिंगनं कीर्तनाच्या तीस कॅसेटी उचलल्या अन् त्याच्यावरच भरलं! म्हणजे कसं, अकरा मिनिटं राजदीप बोंबलते, बोंबलते, बोंबलते... अन् एकदम थांबते, अन् महाराज सुरू! "म्हणून सज्जन हो, देह हा नाशिवंत आहे!" अन् टाळ! पोलंडच्या एका शौकिनानं लिहून पाठवलं का सगळ्यात भयानक तर तुमचं शेवटचं गाणं आहे, अर्थ समजत नाही पण दोन दिवस जेवण गेलं नाही. आमी त्याले खरं सांगितलंच नाही.

दुसरा 'धूळ'. तेवीस गाणे, चौदा मिनिटं. त्याच्यात एक गाणं दोन मिनिटाचं होतं. दोन मिनिटं! मी चार पानाची चिठ्ठी लिवली राजदीपले, का तुमी बजारू झाले, तुमी विकल्या गेले, आता काय बासरी वाजवसान का? तो मले चहा पाजून म्हणते, "तसं नाही भाऊ, बंटीले थांबाचं समजलंच नाही." असा गुणी पोट्टा! अन् मले शब्दाचे कागद तो स्वतः आणून दे, हातानं लिवलेले. म्हणे, "भाऊ, बोललेलं कोणाले समजत नाही, तुले तरी समजलं पाहिजे." म्हणजे विचार करा, त्या गाण्याचा एक एक शब्द समजणारा माणूस अख्ख्या दुनियेत एकच. मी! मले पाठ सगळे. मी इंटरनेटवर एक पान चालवतो, तिथं हरेक गाण्याले दहापैकी मार्क देतो. वाचणारे सहा जण. पण मार्क द्यायचे तर इमानदारीनं! आपल्याले गाता येत नाही, वाजवता येत नाही. आपण फक्त ऐकणारा माणूस.

अन् तिसरा अल्बम, 'मागे घे'. एकोणीस गाणे, नऊ मिनिटं. दोन वर्ष झाले. तो निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी राजदीप काट्यावर आला. खिडकीपाशी उभा राह्यला. म्हणे, "भाऊ, चौदा नंबर ऐकलं का?" मी म्हटलं, "ऐकलं! काय घसा लावला बे, तोड नाही!" तो म्हणे, "अन् शब्द?" मी म्हटलं, "शब्दबी एक नंबर!" मंग म्हणे, "नाही... तू इथं बसते, सुपरवायझर साहेबाचं ऑफिस बाजूलेच हाय, म्हणून म्हटलं." मागं ट्रकवाला हॉर्न मारून राह्यला होता. मी म्हटलं, "तू बिलकुल काळजी करू नको, आजच मार्क टाकतो!" हसला बिचारा. गेला.

दहापैकी नऊ दिले मी.

मंग यंदा पोळा झाला. पोळ्याचा दुसरा दिवस, करीचा. चार दिवसापासून पाणी लागून होतं. सकाळची पाळी. आता खाणीत डंपरवाल्याचं काम काय असते, कोळशाच्या वरची माती भराची, ढिगाऱ्यावर चढाचं, कडेपाशी डंपर उलटा घ्यायचा अन् माती खाली सोडाची. त्या कडेले मातीचा कमरेएवढा बांध असा लागते, म्हणजे मागचं चाक तिथं अडते. राजदीपनं डंपर मागं घेतला. कड सरकली. डंपर खाली, साठ फूट.

मी काट्यावर होतो. आवाज आला मले. मले वाटलं, आज ब्लास्टिंग लवकर केलं का काय.

...पाणी द्या जरासं. नाही, नाही, घशासाठी म्हणतो.

तर मंग कागद आला. माती काढणाऱ्या ठेकेदाराच्या कंपनीचा. 'सदर अपघात चालकाच्या निष्काळजीपणामुळे घडला असून धोक्याबाबत चालकाची कोणतीही तक्रार आढळून येत नाही. कोणाकडे पुरावा असल्यास एका महिन्यात सादर करावा.' राजदीपची माय, कांतामावशी, तिनं तो कागद मले वाचाले लावला. एकदा, दोनदा, तीनदा. मंग म्हणे, "इंद्रजीत, मले दुसरं काही नोको. तो एक शब्द काढ त्याच्यातून. माहं पोट्टं निष्काळजी नव्हतं बाप्पा. सोताच्या डब्याचं झाकण लागलं का नाही, तीनदा पाहे तो."

मी म्हटलं, "मावशी, तक्रार पाहिजे म्हणते ते. अन् ठेक्यावरच्या माणसानं तक्रार केली का दुसऱ्या दिवशी त्याले गेटवरूनच वापस पाठवते, मंग तो कशी करीन?" फुलसिंगले साक्षीचं इचारलं तर तो खाली पाहे. त्याची ड्यूटी तिथंच हाय ना अजून, दोन लेकरं हाय. बंटी तर त्या खाणीत कधी गेलाच नाही. मंग मावशी मले म्हणते, "तू ऐकत होता ना त्याचं सगळं? काय म्हणे तो त्या गाण्यात? मले कधी समजलंच नाही. तू लाव, अन् सांग."

आता काय करता? भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाचा फोटो, त्याच्या खाली राजदीपचा हार घातलेला फोटो, अन् त्याच्यापुढं मी मोबाइल ठेवून 'पहिली पाळी' लावला! पयल्याच गाण्याले शेजारच्या विमलताई पाण्याचा लोटा घेऊन धावत आल्या, "कोणाले फेफरं आलं वं?" मावशी हात जोडून बसली होती. डोळ्याची पापणी हलत नव्हती तिची. म्हणे, "हा माहा राज्या हाय?" मी म्हटलं, "हो मावशी." "याचा घसा दुखत नव्हता?" मी म्हटलं, "ते पोटातून काढा लागते मावशी, त्याची एक पद्धत असते, जपानमधी..." ती म्हणे, "सांजच्याले आवाज बसून ये त्याचा. मले वाटे, खाणीतली धूळ लागली. सात वर्ष हळदीचं दूध देऊन राह्यली मी त्याले. म्हणे नाही कधी का माय, मी गाऊन राह्यलो. गपचाप पिऊन घे."

पयला झाला, दुसरा झाला. मी सांगत गेलो, हे गाणं धुळीवर, हे ठेकेदारावर, हे डब्यातल्या भाजीवर. ती भाजीच्या गाण्याले जराशी हसली बी. मंग तिसरा लावला. अन् आला चौदा नंबर. नाव 'बांध'. एक्केचाळीस सेकंद. झालं. ती म्हणे, "याच्यात काय म्हटलं?"

मी कागद काढला. राजदीपच्या हातचा. अन् वाचाले लागलो. साध्या आवाजात बरं, आपण जसं बोलतो तसं. तुमाले सांगतो, दोन वर्षात ते शब्द मी साध्या आवाजात एकदाबी म्हटले नव्हते!

"कडेले बांध नाही. मागचं चाक हवेत. काल वीतभर सरकली, आज हातभर सरकली. साहेब म्हणते मागे घे. बांध नाही साहेब. मागे घे. माती ओली हाय साहेब. मागे घे, मागे घे. उद्या माहा नंबर."

विमलताईच्या हातातला लोटा तसाच. मावशी म्हणे, "हे त्यानं कधी म्हटलं?"

"दोन वर्ष झाले, मावशी."

"अन् तुले समजत होतं?"

आता काय सांगू हो मी तिले? का त्याच दिवशी मी पानावर लिवलं होतं... थांबा, जसंच्या तसं सांगतो, पाठ हाय मले: 'शेवटच्या ओळीवर गळ्याचा जो फाटका सूर लागते, त्याले जवाब नाही. दहापैकी नऊ. एक मार्क याच्यासाठी कापला का शेवट काय होणार ते अगोदरच समजते.'

शेवट काय होणार ते अगोदरच समजते! मी लिवलं हे! मी, माह्या ह्या हातानं! नाही सांगितलं मी मावशीले. मी म्हटलं, "ऐकत होतो, मावशी." ती उठली, पदर खोचला, म्हणे, "मंग चाल. हीच तक्रार हाय. तिथं सांग."

अन् म्हणून त्या कंपनीच्या चौकशीचा तो साहेब, तो पंखा, ती चटणी. समजलं आता? लावलं मी गाणं. टाइप करणारी बाई खुर्चीसकट मागं सरकली. साहेब म्हणते, "हे काय आहे? याच्यात तक्रार कुठे आहे? माणूस नुसता ओरडतोय!" मी म्हटलं, "साहेब, हा कागद पहा, त्याच्या हातचा, वर तारीख हाय." तो म्हणते, "कागदावर काहीही लिहिता येतं. हे शब्द त्या आवाजातलेच आहेत कशावरून? जुळवून दाखवा. बाई, लिहून घ्या."

जुळवून दाखवा म्हणे! आता तो राजदीप डंपरसारखा सुटलेला, अन् मी त्याच्या मागं साध्या आवाजात म्हणून राह्यलो, "कडेले बांध नाही..." तोवर तो गेला तीन ओळी पुढं! साहेब म्हणते, "जुळत नाही." मी म्हटलं, "पुन्हा लावतो." पुन्हा लावलं. पुन्हा मागं पडलो. मावशी दरवाज्यापाशी उभी. तिसऱ्यांदा लावलं, अन् तुमाले सांगतो, मंग मले काय झालं मले माहीत नाही. मी टेबल धरलं, पोट आवळलं अन् सोडलं! "बांध नाही साहेब! माती ओली हाय साहेब!" शब्द ना शब्द, सूर ना सूर, त्याच्यासंग बराबर, एक्केचाळीस सेकंद! बारा वर्ष काट्यावर 'चला, पुढं घ्या' याच्या पलीकडं तोंड न उघडलेला माणूस मी! चपराशी पाणी घेऊन आला. बाहेर बसलेले लोक उठून उभे राह्यले. बाईनं काय टाइप केलं, मी वाकून पाह्यलं... 'साक्षीदार ओरडला.'

पण जुळलं! साहेबानं चष्मा लावला. डोकं खाजवलं, कागद पाह्यला, पुन्हा माह्याकडं पाह्यलं. मले वाटलं, झालं काम, निघाला तो शब्द! अन् तो एकदम मऊ आवाजात इचारते, "हे शब्द ऐकून कोणालाही कळणार नाहीत, बरोबर?"

"बराबर, साहेब."

"पण तुम्हाला कळत होते."

"मले पाठ हाय, साहेब."

"दोन वर्षांपासून."

"...हो."

"सुपरवायझरचं ऑफिस तुमच्या काट्यापासून किती लांब आहे?"

मी म्हटलं, "वीस पावलं."

"मग तुम्ही का नाही सांगितलं?"

आता याले जवाब काय देता? तुमी द्या! मी म्हणणार होतो, साहेब, आपण फक्त ऐकणारा माणूस... पण आवाजच निघाला नाही. घसा बसला होता. नुसती हवा. मागं मावशी उभी होती, मी वळून पाह्यलंच नाही.

तेव्हापासून हा असा आवाज हाय. अन् मावशी? तिनं मले एक वाकडा शब्द म्हटला नाही. वाटेनं नाही, घरी नाही. चूल पेटवली, दुधात हळद टाकली, पेला माह्यापुढं ठेवला. म्हणे, "गरम हाय तवरीक घे. रोज येत जा, एक दिवसात नाही बसत गुण." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो. शिव्या ऐकाची सवय हाय काट्यावर. हे दूध नाही उतरत गळ्याखाली. तरी मी रोज जातो, अन् रोज पितो.

काल कागद आला. शेवटचा निकाल. पयली ओळ जशीच्या तशी, 'चालकाच्या निष्काळजीपणामुळे'. पुढं लिवलं हाय, 'गाण्याद्वारे तक्रार करणे ही विहित पद्धत नाही.' अन् त्याच्या खाली एक नवीन ओळ: 'सदर धोक्याची माहिती काट्यावरील कर्मचारी इंद्रजीत यांस दोन वर्षांपासून होती, तथापि ते केवळ ऐकत राहिले.'

मावशीच्या पयल्या ओळीसाठी मी अपील करून राह्यलो, ते सोडत नाही. घसा फाटला तरी चालेल. पण प्रेरणा म्हणते, फुलसिंग म्हणते, सगळे म्हणते, "अन् तुह्या नावाच्या ओळीचं काय? ते बी काढून घे ना, लेका!"

कायले काढता भाऊ? अख्ख्या कागदात तेवढी एकच ओळ खरी हाय.